खांद्यावरची बंदूक आणि कमरेतली बंदूक

गेल्या भादव्यात, गणपती पोचवून चार दिवस झाले असतील, वाडीतला एक पोरगा संध्याकाळचा माझ्या अंगणात येऊन बसला. पोरगा म्हणजे माझ्या लेखी. त्याचं वय चाळिशीला टेकलंय. चिऱ्याची खाण आहे, दोन डंपर आहेत, गळ्यात चेन आहे. त्याच्या आजोबांनी आणि माझ्या वडिलांनी एका जोतात शेती केलेली, त्यामुळे तो मला तात्या म्हणतो आणि मीही त्याला अरेतुरे करतो. बसल्या बसल्या त्याने विषय काढला.

"तात्यानू, तुमच्याकडे बंदूक आसा ना? मगे माका कित्याक गावाची नाय?"

त्याला बंदूक नको होती, रिव्हॉल्वर हवं होतं. शर्टाच्या आत कमरेला लावायचं. परवान्यासाठी अर्ज करायचं त्याने ठरवलं होतं. पोलिसांची चौकशी होते तेव्हा वाडीतल्या जुन्या माणसांना विचारतात, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. "तुम्ही दोन शब्द चांगले सांगा," एवढंच त्याचं मागणं होतं.

"कित्याक होया तुका?" मी विचारलं.

"रात्री बारा-बारा वाजता खाणीवरसून येवचा लागता. गाडयेत पैशे असतत. कोणी आडवल्यान तर काय करू? हातात काय तरी होया मा."

मी नाही म्हटलं. चहा तसाच टाकून तो उठून गेला. तेव्हापासून वाडीत एक वाक्य फिरतंय, आणि ते फिरत फिरत माझ्यापर्यंतही आलंय : "तात्यांका आपली चलता, दुसऱ्याची खुपता." या वाक्याला उत्तर द्यायला हवं म्हणून लिहायला बसलो. मी दहावी झालेला शेतकरी. कायद्याचं पुस्तक वाचून वकिली करणारा नव्हे. पण बंदुकीच्या बाबतीत मला जे कळतं ते मी घरात, शेतात आणि एका रात्री फार वाईट तऱ्हेने शिकलोय.

आधी माझी बंदूक कोणती ते सांगतो. ती ठासणीची आहे, एकनळी. वडिलांच्या नावावर होती. त्यांच्या जुन्या परवान्यावर रत्नागिरीचा शिक्का आहे, कारण तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता. तो झाला 1981 साली. वडील गेल्यावर हेलपाटे घालून ती मी माझ्या नावावर करून घेतली. परवाना शेतीसंरक्षणाचा. नळीत दारू ओतायची, वर काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, मग छरे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. शेवटी केप बसवायची. एवढं केल्यावर एक बार निघतो. दुसरा बार काढायचा तर पुन्हा पहिल्यापासून. तोवर एक विडी ओढून होते. असल्या हत्याराने कोणी दरोडा घालत नाही आणि कोणी दरोडा अडवतही नाही.

ती माजघरात खुंटीला असते. आख्ख्या वाडीला ठाऊक आहे की तात्याच्या घरात बंदूक आहे, कुठे आहे आणि कशासाठी आहे. दसऱ्याला नांगर, कोयता, पारय यांच्या रांगेत तिची पूजा होते, तिलाही झेंडूचं फूल आणि हळदकुंकू. शेतावर नेताना मी ती खांद्यावर टाकून नेतो. वाटेत भेटणारा माणूस विचारतो, "काय तात्यानू, आज राखण?" मी म्हणतो, होय. म्हणजे त्या रात्री त्या बाजूला कोणी विनाकारण फिरकत नाही. माझ्या खांद्यावरची बंदूक चालायला लागली की तिच्या पुढे बातमी चालते. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं यावरच उभं आहे.

आता राखणीची गोष्ट. कोकणात भात आश्विनात पिकतं. कुणग्यात लोंब्या वाकल्या की रानडुकरं उतरतात. एक कळप रात्रीत येतो, खातो थोडं आणि लोळून तुडवतो जास्त. सकाळी शेतात गेलं की कोणी तरी नांगर फिरवल्यासारखं दिसतं. गेल्या वीस वर्षांत गवेही वाढलेत, आणि दोडामार्गाच्या बाजूला तर हत्ती आलेत. गव्याला आणि हत्तीला आमची बंदूक म्हणजे फटाकाच. डुकराच्या बाबतीतही तिचं काम बहुतेक आवाजाचंच असतं. वन्यजीवांचा कायदा 1972 पासून आहे, परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही, हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. बार हवेत काढायचा, कळप पळतो, दोन-तीन रात्री येत नाही. तेवढ्यात कापणी गाठायची. बंदुकीकडून आमची अपेक्षा एवढीच.

वडिलांनी माझ्या हातात ती पहिल्यांदा दिली तेव्हा एक नियम सांगितला. "पयलो कुकारो घालूचो, मगे बंदूक उचलूची. माणूस ओ देता, डुकर ओ देना नाय." कुकारा म्हणजे लांबून घातलेली हाक, कूऽऽ करून. बाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्या डोंगराळ मुलखात एक माणूस दुसऱ्याला असाच शोधतो. कुकारा घातला आणि समोरून कुकारा आला, तर तिथे माणूस आहे. आला नाही, तर दुसऱ्यांदा घालायचा. त्यानंतर काय ते. घोडा ओढायचा तो त्याच्याही नंतर.

हा नियम मी एकदा मोडला. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

1990 सालचा आश्विन. मी तिशी ओलांडलेला, अंगात रग. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या वाडीत एका माणसाची मांडी डुकराने फाडली होती, त्याला झोळीत घालून नेताना मी एका बाजूला खांदा दिला होता. वर माझा अर्धा कुणगा गेलेला. रात्री माळ्यावर एकटाच बसलो होतो. चंद्र नव्हता. मध्यरात्रीनंतर खालच्या बांधाकडून भात सळसळलं. थांबलं. पुन्हा सळसळलं. सरळ माझ्याकडे येत होतं.

कुकारा घालायला हवा होता. घातला नाही, आणि का नाही घातला तेही सांगतो. कुकाऱ्याने डुक्कर पळालं असतं आणि मला ते पळायला नको होतं. मला ते मेलेलं हवं होतं. कुणग्याचा राग होता आणि त्या फाटलेल्या मांडीची भीतीही होती. राग आणि भीती एकत्र आल्यावर माणसाला समोर जे दिसायला हवं असतं तेच दिसतं. मला काळा पाठीचा कणा दिसला. वर आलेले केस दिसले. शपथेवर सांगतो, दिसले. मी नेम धरला आणि घोडा सोडला.

खट्ट झालं. बार निघाला नाही. केप सर्दावलेली होती.

त्याच क्षणी भातातून आवाज आला, "दादा, मी आसंय! बाबांक बरा वाटना नाय, चल घराक!"

माझा धाकटा भाऊ. वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मला बोलवायला आला होता. बॅटरीचे सेल गेलेले, म्हणून वाकून बांध चाचपत येत होता. मी माळ्यावरून उतरलो तेव्हा माझे पाय माझे नव्हते. आम्ही दोघे घरी धावलो. वडील त्या वेळी वाचले, पुढे बारा वर्षं जगले. भाऊ आज मुंबईला असतो, नातवंडं आहेत त्याला. तो 'खट्ट' आवाज त्याने ऐकला होता का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. हे छापून आल्यावर तो वाचेल. वाचल्यावर जे बोलायचं ते बोलेल.

आता त्या खाणवाल्या पोराकडे वळतो. त्याने मला मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवले होते. तिकडे माणसं शर्टाखाली पिस्तूल लावून बाजारात जातात, कोणी बदमाश आला तर क्षणात काढतात. आमच्याच गावातलं एक कुटुंब टेक्सासला आहे, त्यांचा मुलगा मे महिन्यात आला होता तेव्हा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, खरं आहे. टेक्सासमध्ये 2021 पासून पिस्तूल जवळ बाळगायला बहुतेकांना वेगळा परवानाही लागत नाही. मग मी विचारलं, बंदुकीने तिकडे मरतात ते कोण? तो म्हणाला, काका, निम्म्याहून जास्त माणसं तिकडे बंदुकीने स्वतःलाच मारून घेतात. बदमाश राहिला बाजूला. मी गप्प झालो. आमच्याकडे विदर्भ-मराठवाड्यात शेतकरी विषाचा डबा उघडतो, कारण शेतकऱ्याच्या घरात तोच हाताशी असतो. वाईट रात्र प्रत्येक घरात येते. त्या रात्री हाताशी काय आहे, यावर पुढची सकाळ ठरते. कमरेला असलेली वस्तू तर सगळ्यात आधी हाताशी येते.

त्या पोराची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. रात्रीच्या रस्त्याला भीती असतेच. पण रिव्हॉल्वरने ती जाते कशी, हे मला कोणी समजावून द्यावं. लुटायला येणारा वेळ निवडून येतो, जागा निवडून येतो, मागून येतो, दोघं-तिघं मिळून येतो. हा बिचारा स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. शर्ट वर करून, पट्ट्यातून काढून, नेम धरेपर्यंत पुढचा काय बिडी ओढत उभा राहणार आहे? आणि लपवलेल्या हत्याराला चोर भिणार तरी कसा? ते त्याला दिसतच नाही. भिववायचं तर दाखवावं लागेल. दाखवलं की ते स्वसंरक्षण उरत नाही, रुबाब होतो. मग लग्नात, वाढदिवसाला, निवडणूक जिंकल्यावर तोच रुबाब आभाळात उडतो. त्यासाठी 2019 साली शस्त्र कायद्यात वेगळी शिक्षा घालावी लागली, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बंदूक नुसती राखणीला असती तर असलं कलम लिहायची पाळी आली असती का?

आणि समजा काढलंच. अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत, कोणीतरी गाडीला हात केला. तो लुटारू आहे की पेट्रोल संपलेला माणूस, हे कसं ओळखणार? मी माझ्या शेतात, माझ्या माळ्यावर, आयुष्यभर ओळखीच्या सळसळीत माझा सख्खा भाऊ ओळखला नाही. माझ्याकडे तरी कुकारा होता, तो घालायचा की नाही हे माझ्या हातात होतं. कमरेतल्या हत्याराला कुकारा नसतो. ते लपवूनच ठेवायचं असतं.

दुसरं, आमच्या गावातली खरी भांडणं कोणाशी होतात? लुटारूशी नव्हे. बांधावरून होतात, पाणंदीवरून होतात, सातबारावरच्या साठ नावांवरून होतात. म्हणजे भावाशी, चुलत्याशी, शेजाऱ्याशी. त्यात रात्रीची एक बाटली मिसळा. आजवर अशा भांडणात कोयता निघालाय, दांडा निघालाय. पण कोयता घेऊन धावणाऱ्याला चार माणसं कवळ घालून धरू शकतात, धरलेलंही आहे, मीच दोनदा धरलंय. दुसऱ्या दिवशी तीच माणसं रवळनाथासमोर गाऱ्हाणं घालून पुन्हा बोलायला लागतात. गोळीला कवळ घालता येत नाही.

त्याला माझा सल्ला साधा आहे. गाडीत रोकड ठेवू नकोस. पैसे बँकेतून येऊ-जाऊ देत. रात्री उशीर होणार असेल तर सोबत माणूस घे आणि घरी फोन करून सांग. इतकी रोकड का बाळगावी लागते, हे मी त्याला विचारलं नाही. त्याला ठाऊक आहे आणि मलाही.

"मग तुमचीही बंदूक जमा करून टाका," असं आता शहरातला वाचक म्हणेल. मुंबईहून मे महिन्यात येणारे माझे पाहुणे हेच म्हणतात. हत्यार ते हत्यार, मोठं काय आणि लहान काय. सरकारही तेच म्हणतं, आणि तिथे माझं सरकारशीही भांडण आहे.

1959 च्या शस्त्र कायद्यात ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी, असं वेगळं लिहिलंय. त्याच कायद्यात असंही आहे की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणासाठी परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे ज्यांनी कायदा लिहिला त्यांना दोन कुणग्यांचा शेतकरी डोळ्यांसमोर दिसत होता. पण प्रत्यक्षात काय होतं? निवडणूक लागली की हुकूम येतो : सगळ्यांनी हत्यारं जमा करा. आणि महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक कधी येते? 2009 ला 13 ऑक्टोबर. 2014 ला 15 ऑक्टोबर. 2019 ला 21 ऑक्टोबर. भात पिकायचे नेमके हे दिवस. 2024 ला मतदान 20 नोव्हेंबरला झालं, तरी आचारसंहिता लागली 15 ऑक्टोबरला. डुकरांना निवडणूक आयोगाचं वेळापत्रक पाठ असावं असं वाटतं.

2019 ला मी बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली आणि डबे वाजवत राखण केली. कळपाने एका रात्रीत मोठा कुणगा लोळवला. उरलेलं ऑक्टोबरअखेरच्या वादळी पावसाने आडवं केलं. वरचा पाऊस कोणाच्या हातात नव्हता, हे मान्य. पण डुकरांसमोर मला रिकाम्या हातांनी उभं कोणी केलं? बंदूक परत आणायला गेलो तेव्हा कापायला काही उरलं नव्हतं.

गंमत म्हणजे, मुंबई उच्च न्यायालयाने 2009 सालीच सांगितलंय की सरसकट सगळ्यांकडून हत्यारं जमा करून घेऊ नका. छाननी समितीने एकेका परवानाधारकाचा विचार करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, त्यांची जरूर घ्या. पण छाननी करायला कागद वाचावे लागतात. सरसकट हुकूमाला नुसता शिक्का पुरतो. म्हणून एका बाजूला माझी गज मारून ठासायची बंदूक आणि दुसऱ्या बाजूला एखाद्या पुढाऱ्याच्या सोबत्याचं रिव्हॉल्वर, दोन्ही एकाच यादीत, एकाच कपाटात. माझं भात गेलं. त्याचं काय गेलं?

आणि बंदूक काढून घेतली म्हणून राखण थांबत नाही. शेतकरी दुसरं काहीतरी करतो. कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. त्या तारेला चिकटून माणसं मेल्याच्या बातम्या दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. कधी शेजारी, कधी गवत कापायला गेलेली बाई, कधी तार लावणारा स्वतः. त्या तारेलाही कुकारा नाही. परवान्याची, शिक्क्याची, आख्ख्या वाडीला ठाऊक असलेली वस्तू काढून घ्यायची आणि अंधारातल्या नि:शब्द तारेला वाट करून द्यायची, याला मी सुरक्षितता म्हणणार नाही.

माझं मागणं फार नाही. शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीची यादी वेगळी करा. भात पसवल्यापासून मळणीपर्यंत, ज्याच्यावर गुन्हा नाही त्याची बंदूक त्याच्या घरात राहू द्या. हवं तर ग्रामसभेत नावं वाचून दाखवा, कोणाला आक्षेप असेल तर उभा राहून सांगेल. माझ्यावर असेल तर माझ्यासमोर सांगावं, मी बंदूक त्याच दिवशी देऊन टाकीन. आणि कमरेला लावायच्या हत्याराचा अर्ज आला तर तोही ग्रामसभेतच वाचा. मग किती जण अर्ज करतात ते पाहू.

वाडीतल्या त्या वाक्याला माझं उत्तर हे असं आहे. मला माझीही बंदूक फारशी 'चलत' नाही. 1990 नंतर मी ती उचलतो तेव्हा दर वेळी ते 'खट्ट' मला ऐकू येतं. मुलगा म्हणतो, बाबा, आता देऊन टाका, तुमचे डोळेही आधीसारखे नाहीत. त्याचं खरं आहे. यंदाची कापणी झाली की मी तिचा विचार करणार आहे. पण तोवर कुणग्यात भात उभं आहे. काल रात्री वरच्या अंगाला माती उकरल्याच्या खुणा दिसल्या. आज मी जाणार आहे.

त्या खाणवाल्या पोरालाही सांगितलंय, तुझी गाडी त्याच वाटेने येते, रात्री माझा कुकारा ऐकलास तर काच खाली कर आणि ओ दे.